अमेरिकेतलं नवं घर आणि त्याच्या भिंतीतलं तंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांचे स्ट्रक्चरल नकाशे तपासणं हे माझं रोजचं काम. अमेरिकेत घर घ्यायला किंवा बांधायला निघालेली मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा, दोघांकडूनही तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. रंग, फरशा, किचनचे ओटे यांबद्दल यात काही नाही. भिंतीच्या, छपराच्या आणि जमिनीच्या आत काय असतं, एवढंच आहे. इथल्या घरबांधणीत नवं जे घडलं ते बहुतेक तिथेच घडलं आहे, आणि घर टिकतं किंवा कुजतं तेही तिथूनच.

१. एवढा श्रीमंत देश, मग घरं लाकडाची का? भिंतीवर टकटक केलं तर पोकळ वाजतं!

पोकळ वाजणारच. तुमचं बोट लागतं ते अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलला, म्हणजे दोन जाड कागदांमधल्या जिप्समला. घराचा भार त्याच्यावर नसतोच. तो मागच्या उभ्या लाकडांवर, म्हणजे स्टडवर असतो. हे स्टड साधारण दर १६ इंचांवर येतात. त्यांना ‘टू बाय फोर’ म्हणतात, पण रंधा मारून तयार झालेलं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं.

ही पद्धत १८३० च्या दशकात शिकागोच्या परिसरात रुजली. त्याआधी जाड तुळया आणि कसबी सुतारांनी केलेले सांधे लागत. यंत्रावर कापलेलं बारीक लाकूड आणि कारखान्यातले स्वस्त खिळे मिळायला लागल्यावर चार माणसांना हातोडीच्या जोरावर घर उभं करता येऊ लागलं. जंगल मुबलक, मजुरी महाग आणि वस्ती झपाट्यानं वाढणारी, त्यामुळे ही पद्धत इथे पक्की बसली. आजही नव्या स्वतंत्र घरांपैकी दहातली नऊ अशीच बांधली जातात. फ्लोरिडात मात्र काँक्रीट ब्लॉकच्या भिंती सर्रास दिसतात.

हलकं म्हणजे तकलादू, असं समजू नका. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत इतकी माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचं ओझं अंगावर आल्यामुळे. नीट खिळलेला लाकडी सांगाडा हलका असतो आणि मोडण्याआधी बराच लवतो.

२. पण टिकतं किती वर्षं?

पाणी किती लांब ठेवलंत, त्यावर. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावात १६४० च्या आसपास बांधलेलं लाकडी सांगाड्याचं घर अजून उभं आहे, आणि खिडकीखाली नीट पत्रा न बसवलेली पाच वर्षांची भिंत कुजलेलीही मी पाहिली आहे. लाकूड ओलं झालं म्हणून लगेच बिघडत नाही. ओलं होऊन वाळलंच नाही, तर बिघडतं. पुढची अर्धीअधिक उत्तरं याच एका गोष्टीवर येऊन थांबतात.

३. आमचा बिल्डर ‘ॲडव्हान्स्ड फ्रेमिंग’ करतो म्हणे. स्टड १६ ऐवजी २४ इंचांवर आहेत. लाकूड वाचवतोय का?

वाचवतोय, आणि त्यात तुमचा फायदा आहे. ही पद्धत १९७० च्या दशकात सरकारी गृहनिर्माण खात्यासाठी झालेल्या संशोधनातून आली. स्टड चारऐवजी सहा इंची आणि दर २४ इंचांवर, छपराचे ट्रस, म्हणजे लाकडी त्रिकोणी सांगाडे, बरोबर त्याच रेषेत, कोपऱ्यांत कमी लाकूड. नेहमीच्या भिंतीचा जवळपास पाव भाग लाकूडच असतं, आणि लाकडातून उष्णता इन्सुलेशनपेक्षा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या भरणापेक्षा, कितीतरी जास्त जाते. लाकूड कमी झालं की त्या जागी इन्सुलेशन बसतं. मात्र ट्रस आणि स्टड खरोखर एका रेषेत हवेत. तसे नसतील तर भिंतीवरची आडवी पट्टी दुहेरी लागते. फ्रेमिंग उघडं असताना खाली उभं राहून वर पाहिलं तरी हे कळतं.

४. बाहेरून हिरव्या रंगाचे बोर्ड लावलेत. हे प्लायवूड आहे का?

ते बहुधा ओएसबी आहे, म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या चिकवून दाबलेला बोर्ड. त्यावर पाणी अडवणारा थर कारखान्यातच लावलेला असतो. ‘झिप’ नावानं हा प्रकार २००६ पासून बाजारात आहे. पूर्वी साध्या ओएसबीवर टायवेकसारखं कापड गुंडाळत. वाऱ्यानं ते फाटे, स्टेपल निघत. आता बोर्डांच्या सांध्यांवर खास टेप लावला की पाणी आणि हवा दोन्ही एकदम अडतात.

सगळी मदार त्या टेपवर आहे. टेप नुसता चिकटवून भागत नाही, वरून रोलर दाबून फिरवावा लागतो. थंडीत, धुळीवर किंवा ओल्या बोर्डावर लावलेला टेप वर्षभरात कडेनं सुटतो. साइटवर गेलात तर एका सांध्यावर बोट फिरवून बघा. खालच्या बोर्डाचा खडबडीतपणा टेपवर उमटलेला असेल तर तो नीट दाबलेला आहे.

ओएसबीचं दुखणं म्हणजे कडा. भिजल्या की फुगतात, आणि वाळायला प्लायवूडपेक्षा जास्त वेळ घेतात.

५. ‘ब्लोअर डोअर टेस्ट’ म्हणजे काय? रिपोर्टवर २.७ लिहिलंय, चांगलं की वाईट?

चांगलं. बाहेरच्या दारात पडदा ताणून पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर ओढतात. आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवायला पंख्याला जितकी हवा ओढावी लागते, त्यावरून तासाभरात घरातली सगळी हवा किती वेळा बदलेल तो आकडा काढतात. २०१२ च्या नमुना ऊर्जा कोडनं (कोड म्हणजे बांधकामाची नियमावली) दक्षिणेकडच्या उष्ण पट्ट्यांसाठी ५ आणि बाकी देशासाठी ३ ही मर्यादा घातली. प्रत्येक राज्य त्यात आपापले बदल करतं, म्हणून तुमच्या गावचा नियम वेगळा असू शकतो.

माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकन घरात झालेला सगळ्यात मोठा बदल ही चाचणी आहे, कारण तिनं कारागिरीला आकडा दिला. पंखा चालू असताना घरातून फिरा. स्विचच्या डब्यांपाशी, ॲटिकच्या (छपराखालच्या पोटमाळ्याच्या) झाकणापाशी, छतातल्या दिव्यांपाशी, बेसमेंटमध्ये पाया आणि लाकूड जिथे भेटतात तिथे हाताला झुळूक लागते. त्या फटी तिथल्या तिथे बुजवता येतात. ड्रायवॉल लागण्याआधी एकदा आणि शेवटी एकदा, अशी दोनदा चाचणी करणारा बिल्डर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

६. एवढं हवाबंद घर म्हणजे गुदमरायला होणार नाही?

वेगळी हवा खेळवली नाही तर होईल. जुन्या घरात ताजी हवा फटींमधून यायची. केव्हा आणि किती, ते वाऱ्यावर अवलंबून. नव्या घरात ती यंत्रानं आणावी लागते. ईआरव्ही नावाचं यंत्र बाथरूमसारख्या जागांची हवा बाहेर टाकतं, ताजी हवा आत घेतं, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांत न मिसळता उष्णता आणि दमटपणाची देवाणघेवाण घडवतं. त्याचे फिल्टर दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. हे घर घेताना कुणी सांगत नाही, आणि मग बेडरूममध्ये सकाळी कोंदट वाटायला लागतं.

७. फोडणी दिली की दोन दिवस घरभर वास राहतो आणि स्मोक अलार्म वाजतो. घरात दोष आहे का?

दोष बहुतेक वेळा चुलीवरच्या हूडमध्ये असतो. मायक्रोवेव्हला जोडलेले पुष्कळ पंखे हवा फिल्टरमधून काढून परत स्वयंपाकघरातच सोडतात. तेलाचे कण थोडे अडतात, मिरचीचा खकाणा तसाच घरात फिरतो. पंखा चालू करून बाहेरच्या भिंतीवर किंवा छपरावर झडप उघडते का ते पाहा. उघडत नसेल तर आधी हवा बाहेर नेणारा डक्ट करून घ्या.

आता यातली अडचण. लोक मग ९०० किंवा १,२०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा ओढणारा, हूड घेतात. हवाबंद घरातून इतकी हवा बाहेर ओढली तर तेवढीच आत यायला वाट हवी. ती नसेल तर गॅसवर चालणाऱ्या साध्या वॉटर हीटरचा धूर चिमणीतून उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणूनच अशी उपकरणं घरात असतील तर ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरची हवा आत आणणारी वेगळी सोय कोड मागतो. माझा सल्ला असा: मधल्या ताकदीचा, पण पुढच्या शेगड्यांवर पूर्ण येणारा खोल हूड घ्या, आणि मोहरी घालायच्या आधी सुरू करा, तडतडल्यावर नाही. गॅसऐवजी इंडक्शन आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेणारं विजेचं यंत्र) असलेला वॉटर हीटर असेल तर उलट्या धुराचा धोका उरत नाही.

८. पॅसिव्ह हाउस हे जर्मन प्रकरण आहे ना? अमेरिकेत त्याचं काय?

पॅसिव्ह हाउस म्हणजे गरम-थंड ठेवायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर. नाव आणि प्रमाणपत्र जर्मनीतून आलं. तिथलं पहिलं घर १९९१ मध्ये डार्मश्टाट शहरात लोक राहायला आल्यावर वापरात आलं. पण मुळं इकडे आहेत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इलिनॉय विद्यापीठाच्या मंडळींनी १९७६ मध्ये ‘लो-कॅल’ घराचा आराखडा केला: दुहेरी भिंत, भरपूर इन्सुलेशन, बहुतेक खिडक्या दक्षिणेला. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये तसं घर उभं राहिलं. नंतर तेल स्वस्त झालं आणि अमेरिका हे विसरली. २००३ मध्ये इलिनॉयमधल्याच अर्बाना गावात पॅसिव्ह पद्धतीचं घर झालं आणि पुन्हा सुरुवात झाली.

प्रश्न ५ मधल्या चाचणीत जर्मन प्रमाणपत्राला ०.६ आकडा लागतो. अमेरिकन संस्थेनं पुढे हवामानानुसार वेगळे निकष केले आणि ते योग्यच झालं. मिनेसोटाच्या थंडीचं गणित ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्याला लावून चालत नाही.

९. सोलर आणि हीट पंपाला सरकारी सवलत मिळते का?

घरमालकांना मिळणाऱ्या केंद्रीय आयकरातल्या सवलती ३१ डिसेंबर २०२५ ला संपल्या. राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या योजना वेगळ्या असतात, त्या स्थानिक पातळीवर विचारा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून नव्या घरांना सोलर बंधनकारक आहे, मोजके अपवाद सोडून.

१०. एसआयपी आणि आयसीएफ यांत काय घ्यावं?

एसआयपी म्हणजे दोन ओएसबी बोर्डांमध्ये चिकवलेला जाड फोम. कारखान्यातून कापून आलेल्या भिंती क्रेननं उभ्या करतात. कल्पना जुनी आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेत १९३५ मध्ये असे पॅनल करून पाहिले होते. मधे फोम आला तो १९५० च्या दशकात. आयसीएफ म्हणजे फोमचे पोकळ ठोकळे रचायचे, आत सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचं आणि फोम तसाच ठेवायचा.

टोर्नेडोच्या किंवा चक्रीवादळांच्या पट्ट्यात, किंवा हायवेला लागून घर असेल तर मी आयसीएफ सुचवेन. आत इतकं शांत असतं की आईबाबांना दुपारची झोप लागते. पण त्यात नंतर खिडकी वाढवायची म्हणजे काँक्रीट कापणं आलं. थंड, कोरड्या भागात एसआयपी उत्तम. त्याचा नाजूक भाग म्हणजे पॅनलचे सांधे. अलास्कातल्या जुनो शहरात घरातली दमट हवा न बुजवलेल्या सांध्यांतून वर गेली आणि छपरांच्या पॅनलचा वरचा बोर्ड कुजला. दोन्ही प्रकारांत, ते काम आधी केलेली टोळी तुमच्या गावात आहे का, हा प्रश्न पहिला. नसेल तर साधी लाकडी फ्रेम आणि बाहेरून फोमचा थर यात फसायची भीती कमी.

११. टेक्ससमध्ये थ्री-डी प्रिंट केलेली घरं विकतात. स्वस्त पडतात का? घ्यावीत का?

ऑस्टिनच्या आयकॉन कंपनीनं मार्च २०१८ मध्ये परवाना घेऊन ३५० चौरस फुटांचं पहिलं छोटं घर छापलं. नंतर लेनार या मोठ्या बिल्डरबरोबर जॉर्जटाउनच्या वुल्फ रँच भागात १०० घरांची वसाहत केली. २०२१ च्या निवासी कोडमध्ये या पद्धतीसाठी वेगळं परिशिष्टही आलं.

छापलं जातं नेमकं काय, ते समजून घ्या. पाया नेहमीसारखाच ओततात. मग रुळांवर चालणारं यंत्र काँक्रीटसारख्या मिश्रणाची सुमारे इंचभर जाडीची ओळ सोडत फिरतं. एकावर एक ओळी चढत जातात आणि मधल्या पोकळीत सळया घालून काँक्रीट भरतात. जवळून पाहिलं तर भिंतीवर आडव्या वळ्या दिसतात, चकलीच्या सोऱ्यातून पडाव्यात तशा. छप्पर मात्र लाकडी ट्रसचं असतं. खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग सगळं माणसंच करतात.

म्हणून किमतीचा चमत्कार दिसत नाही. नेहमीच्या घरात भिंती-छपराचा सांगाडा एकूण बांधकाम खर्चाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यातल्या फक्त भिंती यंत्रानं केल्या तर बचत किती होणार? फायदा वेगळा आहे: वाळवी लागत नाही, आग लागायला भिंतीत काही नसतं, उन्हाळ्यात जाड भिंत तापायला वेळ घेते. राहणाऱ्यांना जाणवलेली अडचणही खरी आहे. वायफाय खोल्याखोल्यांत पोचत नाही, जागोजागी राउटर लावावे लागतात. मी स्वतः घेतलं असतं का? वसाहतीतलं, दहा वर्षांच्या हमीचं असेल तर हो. एकटं, कुणीतरी पहिल्यांदाच छापलेलं असेल तर नाही. तडा गेला, नवा पाइप टाकायचा झाला, तर हात लावणारा मिस्त्री गावात हवा.

१२. मॉड्युलर आणि मॅन्युफॅक्चर्ड घर एकच ना? बँक एकाला कर्ज देते, दुसऱ्याला कुरकुरते.

एकच नाही, आणि बँक त्यावरच बघते. मॅन्युफॅक्चर्ड घर कायमच्या लोखंडी चॅसीवर बांधलेलं असतं आणि १५ जून १९७६ पासून लागू झालेल्या केंद्रीय कोडप्रमाणे होतं. बाहेर लाल रंगाची सरकारी पट्टी असते. मॉड्युलर घराचे खोके कारखान्यात बनतात, पण पायावर बसतात आणि साइटवरच्या घराला जो राज्याचा कोड लागतो तोच त्यालाही लागतो. मॉड्युलरला नेहमीचं गृहकर्ज मिळतं. मॅन्युफॅक्चर्ड घर, जमीन तुमची नसेल तर, पुष्कळदा वाहनासारखी जंगम मालमत्ता धरतात.

कारखान्यात घर करायचं स्वप्न इथे फार जुनं आहे. सीअर्स १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून घरांचे संच रेल्वेनं पाठवत असे, सुमारे ७० हजार संच गेले. ओहायोच्या लस्ट्रॉन कंपनीनं १९४८ पासून मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची सुमारे अडीच हजार घरं केली. त्यांत फोटो लावायला लोहचुंबक लागत. १९५० मध्ये ती बुडाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कॅटेराला दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त भांडवल मिळालं आणि तिनं जून २०२१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. या दोन्ही कंपन्या बुडाल्या त्या घरांची कल्पना वाईट होती म्हणून नव्हे. कारखान्याचा खर्च दर महिन्याला सारखाच असतो आणि घरांची मागणी मात्र व्याजदराबरोबर वरखाली होते. म्हणून घर निवडताना कारखाना किती वर्षं चालू आहे ते बघाच.

१३. डॅलसच्या घरात गॅरेजच्या जमिनीवर ‘कापू नका, भोक पाडू नका’ असा शिक्का आहे. का?

तो पोस्ट-टेन्शन स्लॅब आहे. तिथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. स्लॅबला आतून घट्ट आवळून ठेवायला पोलादी केबल ताणलेल्या असतात, एकेकीत सुमारे ३३ हजार पौंडांचा ताण. ड्रिलनं केबल तुटली तर ती काँक्रीट फोडून बाहेर येऊ शकते आणि माणूस जायबंदी होतो. वॉटर सॉफ्टनरचा पाइप, ट्रेडमिलचा बोल्ट, काहीही बसवायचं असेल तर आधी स्कॅन करून घ्या. कडक उन्हाळ्यात पायाभोवतीची माती कोरडी पडून फट दिसायला लागली तर ठिबकनं हळूहळू पाणी देत राहा.

१४. चक्रीवादळ आणि वणवा, दोन्हींच्या बातम्या बघून भीती वाटते. नव्या घरात काय वेगळं असतं?

२४ ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळानं दक्षिण फ्लोरिडात दाखवून दिलं की घर उडतं ते सांध्यांतून. छपराचे बोर्ड नीट खिळलेले नव्हते. गॅरेजचं दार आत ढकललं गेलं, वारा आत शिरला आणि त्यानं छप्पर खालून उचललं. २००२ पासून फ्लोरिडाला राज्यभर एकच कोड आहे. आता ट्रसपासून भिंतीला, भिंतीपासून पायाला लोखंडी पट्ट्यांची सलग साखळी असते. अलाबामात ‘फोर्टिफाइड’ प्रमाणपत्राच्या छपराला इन्शुरन्समध्ये सूट देणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात चूडीदार खिळे वापरतात आणि छपराच्या बोर्डांचे सांधे टेपनं बंद करतात, म्हणजे शिंगल (छपरावरच्या आवरणाचे तुकडे) उडाले तरी पाणी आत येत नाही.

वणव्यात बहुतेक घरं ज्वाळांनी पेटत नाहीत. उडत आलेले निखारे ॲटिकच्या जाळीतून आत शिरतात आणि घर आतून पेटतं. कॅलिफोर्नियात धोक्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना २००८ पासून बारीक जाळीचे निखारे अडवणारे व्हेंट, न पेटणारं छप्पर आणि टफन्ड काच लागते. भिंतीपासून पाच फुटांत झुडूप, लाकडाचा भुसा किंवा लाकडी कुंपण ठेवू नका. घर जुनं असलं तरी हे काम एका शनिवारात होतं.

१५. लाकडी टॉवर खरंच बांधतात? आग लागली तर?

मिलवॉकीमधली ‘असेंट’ ही २५ मजल्यांची निवासी इमारत २०२२ मध्ये पूर्ण झाली: खाली काँक्रीट, वरचे १९ मजले लाकडाचे. हे प्रश्न १ मधले बारीक स्टड नाहीत. फळ्यांचे थर उभे-आडवे चिकवून केलेले जाड पाट आणि थर एकाच दिशेनं चिकवून केलेले खांब असतात. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, तासाला साधारण दीड इंच, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. तेवढी जाडी हिशोबात जास्तीची धरतात. २०२१ च्या कोडनं अशा इमारतींना १८ मजल्यांपर्यंत परवानगी दिली. ‘असेंट’ला वेगळी मंजुरी लागली.

१६. हॉलमध्ये झोपाळा टांगायचाय, आणि जयपूरहून संगमरवरी देवघर येतंय. घर पेलेल का?

झोपाळा आधी. वर दुसरा मजला असेल तर छतात जॉइस्ट, म्हणजे वरची जमीन पेलणारी आडवी लाकडं, असतात. ते अख्ख्या लाकडाचे असतील तर दोन-तीन जॉइस्टमध्ये आडवा ठोकळा घालून भार वाटता येतो. पण नव्या घरांत बहुधा आय-जॉइस्ट असतात, म्हणजे वर-खाली पट्टी आणि मधे ओएसबीचं पातळ पान. त्याच्या खालच्या पट्टीत हुक पिळू नका. वर थेट छप्पर असेल तर ट्रस असतात, त्यांना झोपाळा अजिबात नको. दोन मोठी माणसं झोका घेतात तेव्हा त्यांच्या वजनापेक्षा बराच जास्त ओढा बसतो. स्टँडचा झोपाळा घ्या, कडी-पाट हवा तसा मिळतो.

देवघराचं सोपं आहे. राहत्या खोलीची जमीन चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १९५ किलो धरून बांधतात, बेडरूमची ३० पौंड. हा भार खोलीभर धरलेला असतो. त्यामुळे दोनशे-तीनशे किलोचं देवघर भार घेणाऱ्या भिंतीला लागून, एकापेक्षा जास्त जॉइस्टवर आडवं ठेवलं तर सहसा अडचण येत नाही. त्याहून जड असेल तर इंजिनिअरकडून कागद करून घ्या, किंवा बेसमेंटच्या काँक्रीटवर ठेवा.

१७. ॲटिकमध्ये खोली करायची आहे. मधली तिरकी लाकडं कापली तर चालेल?

नाही. ट्रसमधलं प्रत्येक लाकूड दुसऱ्याला धरून असतं. एक कापलं की छप्पर बसायला लागतं, कधी लगेच, कधी पहिल्या जड बर्फात.

१८. बेसमेंटचं छत उघडंच आहे. ड्रायवॉल लावणं फक्त दिसण्यासाठी असतं ना?

वर आय-जॉइस्ट असतील तर नाही. आगीत त्यांचं पातळ पान लवकर जळतं आणि जमीन अख्ख्या लाकडापेक्षा बरीच आधी कोसळते. आत शिरलेले फायरमन अशा जमिनींतून खाली पडून गेले आहेत. २०१२ पासून निवासी कोड अशा जॉइस्टना खालून अर्धा इंच जिप्सम किंवा तितकंच संरक्षण मागतो. स्प्रिंकलर किंवा जाड अख्खं लाकूड असेल तर सूट आहे. तुमचं घर त्याआधीचं असेल तर स्वतःहून लावून घ्या.

१९. ओल येऊ नये म्हणून भिंतीत आतून प्लॅस्टिक लावावं, असं एक काँट्रॅक्टर म्हणतो, दुसरा लावू नको म्हणतो.

गावावर अवलंबून आहे. मिनेसोटात हिवाळाभर घरातली उबदार, दमट हवा बाहेर जाऊ पाहते. तिथे आतून अडवणं योग्य. ह्यूस्टनमध्ये किंवा फ्लोरिडात एसीमुळे दमटपणा बाहेरून आत येतो. तिथे आतलं प्लॅस्टिक थंड राहतं आणि त्याच्या मागच्या बाजूला पाणी साचतं. मधल्या पट्ट्यात, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, हवेच्या दमटपणानुसार कमी-जास्त श्वास घेणारे पडदे मिळतात. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक मात्र कुठेच नको, आत गेलेल्या पाण्याला वाट उरत नाही. भिंतीवर घट्ट बसणारे व्हिनाइल वॉलपेपरही यातच आले.

२०. १९१० चं घर घेतलंय. भिंतीत इन्सुलेशन फुंकून भरायचं आहे. धोका आहे का?

तीन गोष्टी आधी बघा. त्या काळच्या घरांत स्टड पायापासून छपरापर्यंत सलग जातात आणि भिंतीची पोकळी चिमणीसारखी उघडी असते, तिला मजल्यांपाशी आगरोधक अडथळे हवेत. दुसरं, चिनीमातीच्या गुंड्यांवरून नेलेलं जुनं वायरिंग चालू असेल तर त्याच्याभोवती इन्सुलेशन भरू नका, ते तापतं. तिसरं, खिडक्यांतून गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा. आजवर भिंत पोकळ होती म्हणून वाळत होती, भरल्यावर वाळणार नाही (प्रश्न २).

२१. नवं तंत्र फसल्याची खरी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो.

१९८० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः न्यू जर्सीत, टाउनहाउसच्या छपरांवर आगरोधक रसायन मुरवलेलं प्लायवूड बसवलं गेलं. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर न्यायचा खर्च त्यानं वाचत होता. उन्हात ॲटिक तापलं की तेच रसायन आम्ल सोडू लागलं. काही वर्षांत प्लायवूड तपकिरी पडून कुरकुरीत झालं आणि छपरावर चढलेल्यांचे पाय आरपार गेले.

१९७८ ते १९९५ या काळात करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप घरोघर गेले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं ते आतून ठिसूळ होऊन फुटले. आज त्यांच्या जागी पेक्स नावाचे वेगळ्या प्लॅस्टिकचे पाइप आहेत. जुन्या घरात करडा प्लॅस्टिक पाइप दिसला तर बदलायचा खर्च किमतीत धरा, काही इन्शुरन्स कंपन्या अशा घराला हातच लावत नाहीत.

तिसरं उदाहरण माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये, फोमवर कृत्रिम गिलावा केलेल्या नव्याकोऱ्या घरांच्या भिंती आतून कुजलेल्या सापडल्या. गिलावा फुटला नव्हता. पाणी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून शिरलं होतं आणि फोमच्या मागे अडकलं होतं. त्यानंतर लाकडी घरांवर गिलाव्यामागे पाणी उतरायला जागा ठेवायला सुरुवात झाली. आता चांगला बिल्डर कुठल्याही क्लॅडिंगमागे, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे, पट्ट्या ठोकून फट सोडतो. त्या तिन्ही वस्तू प्रयोगशाळेत पास झालेल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या तुकड्याला खिडकीचा कोपरा नव्हता, ॲटिकचा उन्हाळा नव्हता.

२२. कोकणात वडिलांच्या जागेवर असंच लाकडी घर बांधता येईल का?

बांधता येईल, पण मी बांधणार नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस, वाळवी, आणि दुरुस्तीला टेप, बोर्ड, कारागीर यांतलं काहीच जवळ मिळत नाही. चिरा आणि कौल तिथे शहाणपणाचे आहेत. मात्र एक गोष्ट जरूर न्या: प्रश्न १४ मधली पट्ट्यांची साखळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात श्रीवर्धनकडे घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली. वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर वारा त्यांना उचलणारच. वाशापासून भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्यापर्यंत गॅल्व्हनाइज्ड पट्टी वळवून बोल्ट करणं कोणत्याही लोहाराला जमतं, आणि घराच्या खर्चात ती रक्कम जाणवत नाही.

२३. नवं घर बुक केलंय. नेमकं कधी, काय तपासून घेऊ?

ड्रायवॉल लागायच्या आधीचा आठवडा. करारातच लिहून घ्या की तेव्हा तुमचा स्वतःचा इन्स्पेक्टर येईल. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर कोडपुरतं बघतो आणि एका दिवसात बरीच घरं करतो.

प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, चौकटीत मोजपट्टी दिसेल असा. पाइप आणि वायर कुठून जातात ते पुढे वीस वर्षं कामाला येतं. बाहेरून खिडक्या बघा. बाजूंना आणि वर टेप हवा, खालची कडा उघडी हवी, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. छप्पर जिथे भिंतीला भिडून संपतं तिथे पाणी पन्हळीत वळवणारा छोटा वाकवलेला पत्रा असतो. हा विसरला जातो, आणि कुजलेल्या कोपऱ्यांमागे मला बहुतेक वेळा तोच नसलेला सापडतो. आय-जॉइस्टच्या वरच्या-खालच्या पट्टीत प्लंबरनं खाच मारलेली नाही ना, तेही पाहा. मारली असेल तर तिथल्या तिथे फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा.

हमी सहसा कारागिरीला एक वर्ष, प्लंबिंग-वायरिंगला दोन आणि सांगाड्याला दहा वर्षं असते. अकराव्या महिन्यात पुन्हा इन्स्पेक्टर बोलवा आणि यादी बाराव्या महिन्याच्या आत लेखी द्या.